लहानांच्या रक्तातून वस्तीचे आरोग्य वाचताना



करोनाच्या काळात मुलांच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्यांना अँटिबॉडी म्हणतो ती, अनेक ठिकाणी मोजली गेली. त्या मोजणीतून आपण काय शिकलो आणि काय शिकायचे राहून गेले, एवढ्या एकाच प्रश्नावर मी आज, पनवेल-रायगड परिसरातील आरोग्यकर्मी आणि शिक्षकांच्या तळोज्यातील या परिषदेत, बोलणार आहे. माझे म्हणणे असे की ही चाचणी एकट्या मुलाविषयी फार थोडे सांगते, पण वस्तीतल्या सगळ्या मुलांविषयी पुष्कळ सांगते. म्हणून तिची जागा पालकांच्या हातातल्या अहवालापेक्षा सार्वजनिक आरोग्याच्या नियोजनात अधिक आहे, आणि ती जागा तिला अजून मिळालेली नाही.

याचा पुरावा आपल्या शेजारीच, मुंबईत आहे. दुसरी लाट ऐन भरात असताना, १ एप्रिल ते १५ जून २०२१ या काळात, मुंबई महापालिकेच्या नायर रुग्णालयाने आणि कस्तुरबा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे २,१७६ रक्तनमुने तपासले. त्यांपैकी १,२८३ नमुने ‘आपली चिकित्सा’ योजनेतून व नायर रुग्णालयातून आले होते, तर ८९३ खासगी प्रयोगशाळांतून. सर्वेक्षणासाठी कोणाही मुलाला वेगळी सुई टोचली नाही; इतर तपासण्यांसाठी शहराच्या २४ विभागांतून आलेलेच रक्त वापरले गेले. निष्कर्ष असा निघाला की ५१.१८ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे आहेत. सार्वजनिक केंद्रांतल्या नमुन्यांत हे प्रमाण ५४.३६ टक्के होते, खासगीत ४७.०३ टक्के. १ ते ४ वर्षांची बालके ५१.०४ टक्के, १० ते १४ वर्षांची मुले ५३.४३ टक्के. त्याआधी मार्चमधल्या सर्वेक्षणात १८ वर्षांखालील वयोगटाचा आकडा ३९.४ टक्के होता.

या आकड्यांचे महत्त्व त्या दिवसांच्या संदर्भात पाहावे लागते. तिसरी लाट मुलांवर कोसळणार, या भीतीने तेव्हा घरोघरी झोप उडाली होती. या सर्वेक्षणाने दाखवून दिले की निम्म्या मुलांपर्यंत विषाणू आधीच पोहोचला होता. त्यांपैकी बहुतेकांना रुग्णालयाची पायरी चढावी लागली नव्हती. शाळा मार्च २०२०पासून बहुतांश काळ बंद होत्या, शाळेत न जाणाऱ्या बालकांतही प्रमाण तेवढेच होते. म्हणजे संसर्ग मुख्यतः घरातून आणि शेजारातून आला. यावर कोणी म्हणेल की शाळा उघड्या असत्या तर प्रमाण याहून वाढले असते. हा आक्षेप रास्त आहे. शाळा निर्धोक आहेत, असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. परंतु शाळा बंद ठेवली म्हणजे मूल विषाणूपासून वाचले, हा समज मात्र त्यांनी खोडून काढला. बंद शाळेची किंमत, म्हणजे बुडालेले वाचन, तुटलेला पोषण आहार, कामाला लागलेली किंवा लग्न लावून दिलेली मुले, तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ठेवून निर्णय घेणे त्यानंतर शक्य होते. सर्वेक्षणाचे निष्कर्ष जूनअखेर जाहीर झाले. राज्यात शाळा व्यापक प्रमाणावर सुरू झाल्या त्या ४ ऑक्टोबरला. मधल्या तीन महिन्यांत हा पुरावा निर्णयाच्या केंद्रस्थानी असायला हवा होता.

दुसरा आक्षेप पद्धतीवर आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. प्रयोगशाळेत रक्त देणारे मूल बहुधा कशाने तरी आजारी असते. ते सगळ्या मुलांचा प्रतिनिधी कसे ठरेल? ही मर्यादा मान्यच केली पाहिजे. पण मर्यादा असलेला पुरावा दुसऱ्या पद्धतीच्या पुराव्याशी ताडून पाहता येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१मध्ये देशातील ७० जिल्ह्यांत, वस्त्यांची व वॉर्डांची निवड करून, चौथे सर्वेक्षण केले. त्यात ६ ते ९ वयोगटात ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयोगटात ६१.६ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे आढळली. काळ आणि प्रदेश वेगळे असूनही दोन्ही आकडे एकाच दिशेने बोट दाखवतात. राहिला मुलांचे उरलेले रक्त वापरण्याच्या संमतीचा प्रश्न. नाव-पत्ता काढून टाकलेला नमुना, नैतिकता समितीची परवानगी आणि केंद्रावर ठळक लावलेली सूचना, या तीन गोष्टी पाळल्या तर पालकांच्या विश्वासाला तडा जाणार नाही.

आता एकट्या मुलाच्या चाचणीविषयी. ९५ टक्के संवेदनशीलता (संसर्ग झालेल्यांना ओळखण्याची क्षमता) आणि ९८ टक्के विशिष्टता (संसर्ग न झालेल्यांना वगळण्याची क्षमता) असलेली चांगली चाचणी घ्या. १,००० मुलांपैकी २० जणांनाच संसर्ग होऊन गेला असेल, तर चाचणी १९ खरे आणि जवळपास २० खोटे ‘पॉझिटिव्ह’ दाखवील. तीच चाचणी निम्म्यांना संसर्ग झालेल्या वस्तीत केली, तर ४७५ खऱ्यांमागे खोटे केवळ १० निघतील. अहवालाचा अर्थ असा वस्तीवर अवलंबून असतो, हे पालकांना कोण सांगते? शिवाय प्रतिपिंडे काळानुसार घटतात, तान्ह्या बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे असतात, आणि कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण निष्क्रिय विषाणू असल्याने लस घेतलेल्या मुलात संसर्ग आणि लस यांतला फरक ओळखणे अवघड होते. म्हणून ‘पॉझिटिव्ह म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य आपल्या दवाखान्यांतून हद्दपार झाले पाहिजे. एक अपवाद मी आग्रहाने नोंदवतो. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना तीव्र ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी आणि हृदयावर ताण देणारा एमआयएस-सी हा आजार होतो. त्या वेळी आरटी-पीसीआर अनेकदा निगेटिव्ह येते आणि प्रतिपिंडांची चाचणी निदानाला मोलाचा आधार देते. तिथे ती टाळणे चूक ठरेल.

महासाथ सरली, आता हे कशाला, असेही विचारले जाईल. उत्तर तळोज्यातच आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्राचे बीड, नांदेड, परभणी, जळगाव, अहमदनगर आणि सांगली हे सहा जिल्हे होते, रायगड नव्हता. मुंबईचे आकडे मुंबईच्या हद्दीपाशी थांबतात. इथे एमआयडीसीतले कामगार, सिडकोच्या वसाहती आणि जुनी गावे एकमेकांना लागून आहेत. २०१६मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेला या सगळ्यांची काळजी वाहायची आहे. अशा ठिकाणच्या मुलांचे चित्र दुसऱ्या शहराच्या सरासरीवरून काढता येणार नाही. म्हणून या परिषदेपुढे मी तीन सूचना ठेवतो. इथल्या सार्वजनिक व खासगी प्रयोगशाळांनी मिळून मुलांच्या उरलेल्या, अनामिक नमुन्यांचा साठा ठरावीक काळाने जपावा. त्यातून करोनाबरोबरच गोवर आणि डेंग्यूची प्रतिपिंडेही मोजता येतील. निष्कर्ष आले की ते शाळा आणि पालकांना सोप्या मराठीत तत्काळ सांगावेत. आणि पुढच्या साथीत शाळा बंद करण्याआधी हे आकडे निर्णय घेणाऱ्यांनी टेबलावर मागवावेत, असा ठराव आजच करावा. मुलांनी नकळत दिलेल्या रक्ताचे आपण ऋणी आहोत, आणि ते ऋण त्यांच्या हिताच्या निर्णयांनीच फेडता येईल.