लांबलचक इंग्रजी शब्द आणि आघात

मोठ्या इंग्रजी कोशांत आढळणाऱ्या सर्वांत लांब शब्दात अक्षरे ४५ आणि सिलॅबल १९. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कॉपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस हा तो शब्द. सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ फुफ्फुसात जाऊन जडणाऱ्या आजाराचे हे नाव १९३५ साली अमेरिकेतील कोडीप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी घडवले. डॉक्टर नुसते सिलिकोसिस म्हणतात आणि तेवढ्याने भागते.

सबंध ऊस कोणी तोंडात घालत नाही. त्याची कांडी पाडावी लागतात. या शब्दाचीही सहा कांडी पडतात: न्यू-मो-नो, अल्-ट्रा, माय-क्रो-स्कॉ-पिक, सि-लि-को, व्हॉल्-के-नो, को-नि-ओ-सिस. कांड्यात जितके स्वर ऐकू येतात तितके सिलॅबल. मोजायचे ते कानाने. सुरुवातीचा ‘पी’ लिहितात, पण बोलत नाहीत.

इथवर बहुतेकांचे ठीक चालते. घोटाळा पुढे होतो. उसाचे बुडख्याकडचे कांडे गोड, शेंड्याकडचे पाणचट. तसेच इंग्रजीत सगळ्या सिलॅबलना सारखे वजन नसते. मराठी जीभ मात्र ते सारखे वाटून टाकते, कारण मराठीत आघात हलवल्याने सहसा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. ‘रेकॉर्ड’चा पहिला भाग ठासून म्हटला तर नोंद, दुसरा ठासला तर नोंदवणे.

वरच्या अगडबंब शब्दात सर्वांत जोराचा आघात शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर, म्हणजे ‘ओ’वर आहे. ट्युबरक्युलोसिस, थ्रॉम्बोसिस यांतही तो तिथेच. शब्दाचे शेपूट ओळखले की आघात सापडतो. शेवटी ‘शन’ आला की आघात त्याच्या लगेच अलीकडे: एज्युकेशनमध्ये ‘के’वर. शेवटी ‘इक’ आला तरी बहुधा तसेच. फोटोग्राफमध्ये आघात पहिल्या सिलॅबलवर, फोटोग्राफीत दुसऱ्या, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्या. आघात पुढे सरकला की मागचा स्वर विरतो; फोटोग्राफीतला ‘फो’ जेमतेम ‘फ’ उरतो.

शाळेत स्पेलिंग घोकून घेतात आणि आघाताचे नावही काढत नाहीत, हे बरे नव्हे. आघातावाचून पाडलेली कांडी नुसती चिपाडे ठरतात. अनेक चांगल्या कोशांत उच्चार देताना आघाताच्या सिलॅबलआधी वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ छापलेली असते. विद्यार्थ्यांनी अर्थाकडे वळण्याआधी ती रेघ पाहावी, आणि शिक्षकांनी ती फळ्यावर काढून दाखवावी.