भाव आणि भरवसा

लंडन शहरात ‘पोल्ट्री’ नावाचा एक लहानसा रस्ता आहे. मध्ययुगात तेथे कोंबड्या-बदके विकणाऱ्यांची दुकाने असत. त्या विक्रेत्यांच्या संघाला सातव्या हेन्रीने १५०४ साली राजसनद दिली. त्या बाजाराची शिस्तही कडक होती. नासलेली कबुतरे विकणाऱ्यास खोड्यात अडकवून तीच कबुतरे त्याच्याखाली जाळल्याची चौदाव्या शतकातील नोंद आहे.

आपल्याकडे या व्यापाराची सूत्रे दीर्घकाळ दलालांच्या हाती राहिली. अंडे हा नाशवंत माल. तो साठवून चांगल्या भावाची वाट पाहणे उत्पादकास परवडत नाही. हे हेरून व्यापारी भाव पाडीत, आणि पुष्कळदा उत्पादनखर्चही निघत नसे. अखेर १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि उत्पादकांची संघटनाच भाव सुचवू लागली.

परंतु भाव हाती आला, तरी लोकांच्या मनातील भीती हाती येत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. आणि रोग जेथे पोहोचलाही नव्हता, तेथील गिऱ्हाइकानेही पाठ फिरविली. मालाविषयी भरवसा असेल तरच भाव टिकतो, हे लंडनच्या त्या जुन्या बाजाराने खोडा उभारून सांगितले होते. नवापूरला ते कोंबड्यांचे खड्डे खणताना उमगले.