भिंतीची ओल आणि मुलांचा श्वास



जून महिना लागला की काळाचौकी, लालबाग, परळ येथील जुन्या चाळींच्या भिंतींना ओल धरते. छताच्या कडेने, खिडकीच्या चौकटीभोवती, मोरीच्या मागे काळे-हिरवे डाग उमटतात. रंगाचे पोपडे सुटतात. कपाटातील कपड्यांना कुबट वास येतो. त्याच दिवसांत लहान मुलांचा खोकला आणि छातीतील घरघर वाढते. या दोन गोष्टींचा संबंध घरोघरच्या आयांना ठाऊक आहे. तो शासनाने आणि घरमालकांनी मान्य करावा, हा खरा प्रश्न आहे.

ओल्या भिंतीवर वाढणारी बुरशी डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म बीजाणू हवेत सोडते. ते श्वासावाटे आत जातात. मुलांच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेतात. म्हणून थोडी सूजही त्यांना धाप लावते, आणि दम्याचा विकार असलेल्या मुलाला तर झटकाच येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातील ओल व बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बुरशीचे अमुक प्रमाण निर्धोक, अशी मर्यादा त्यांत आखलेली नाही. ओल टिकूच देऊ नये, असे त्यांत सांगितले आहे. पाणी आणि वायुवीजन यांची काळजी रहिवाशांनी घ्यावी. पण इमारत कोरडी राखण्याची जबाबदारी मालकाची, हेही त्यांत स्पष्ट आहे.

आता दहा बाय बाराच्या खोलीतील रहिवाशाने किती काळजी घ्यावी? स्वयंपाक, मोरी, ओले कपडे आणि झोपणे, सारे एकाच जागी. खिडकी उघडावी तर पाऊस आत येतो, मिटावी तर वाफ कोंडते. गळक्या नळाचे आणि फुटक्या गच्चीचे पाणी भिंतीत मुरत असताना डिस्टेंपरचा नवा हात दिल्याने डाग एका पावसापुरता झाकतो, इतकेच.

या शहराने उजेड आणि हवा यांचे महत्त्व पूर्वी ओळखले नव्हते असे नाही. 1896 साली प्लेग आला, व्यापार ठप्प होऊ लागला आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. मुलाची घरघर व्यापार थांबवीत नाही. म्हणून ती घरातल्या घरात राहते.

1947 च्या भाडेनियंत्रणामुळे दुरुस्ती परवडत नाही, ही मालकांची तक्रार जुनी आहे. त्यावर उपाय म्हणून 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले. पुढे ते म्हाडाकडे गेले. भाडेकरूंच्या खिशातूनही उपकर जातो. परंतु या व्यवस्थेचा सारा भर इमारत कोसळू नये यावर आहे. पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. उभी असलेली, पण आतून ओली इमारत त्या यादीत बसत नाही.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे 2020 च्या डिसेंबरात अवाब इशाक हे दोन वर्षांचे मूल दगावले. घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेल्या संपर्कामुळे झालेला श्वसनविकार हे मृत्यूचे कारण, असा निर्णय 2022 मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्याने दिला. वडिलांनी 2017 पासून तक्रार केली होती. त्यांना डागांवर रंग लावण्याचा सल्ला मिळाला होता. जनक्षोभातून 2023 साली कायदा झाला आणि ऑक्टोबर 2025 पासून तेथील सामाजिक गृहसंस्थांवर तातडीचा धोका चोवीस तासांत दूर करण्याचे बंधन आले.

येथील मागणी याहून अवास्तव नाही. दुरुस्तीच्या पाहणीत गळती आणि ओल यांची नोंद व्हावी. ती दूर करण्यास मुदत असावी. महापालिकेच्या दवाखान्यांत धाप लागलेल्या मुलाच्या घराची स्थिती विचारली जावी. चाळ समित्यांनी खोलीवार याद्या मे महिन्यातच तयार कराव्यात आणि एकेकट्याने अर्ज न करता साऱ्या चाळीने मिळून त्या मंडळापुढे ठेवाव्यात. कोरडी भिंत हा भाडेकरूचा हक्क आहे, आणि तो संघटित मागणीवाचून मिळणार नाही.