पडद्यावरची आदिवासी बाई

(पिंपळगाव बसवंत येथे महिला मेळाव्यात केलेले भाषण)



द्राक्षांच्या छाटणीला आपल्याकडे सुरगाणा-पेठहून टोळ्या येतात. त्यांतल्या कोकणा, वारली, महादेव कोळी बाया आपल्या बागांत राबतात. त्यांची नावे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहेत? पण ‘आदिवासी बाई’ म्हटले की चित्र लगेच डोळ्यांपुढे येते. आखूड लुगडे, केसांत फूल, सदा नाचणारी, कुणावरही भाळणारी. हे चित्र आपल्याला सिनेमाने दिले.

‘मधुमती’त (१९५८) वैजयंतीमाला डोंगरातली मुलगी झाली. सत्यजित राय यांच्यासारख्या थोर दिग्दर्शकानेही ‘अरण्येर दिन रात्रि’त (१९७०) संथाळ दुलीसाठी सिमी गरेवालला काळा रंग फासला. दुली गुत्त्यावर भेटते आणि शहरी तरुणासोबत रानात जाते. आपल्या ‘जैत रे जैत’मधली (१९७७) नवऱ्याला सोडणारी ठाकर चिंधी स्मिता पाटीलने जीव ओतून उभी केली. तिला स्वतःचे मन आहे. पण कथा, गाणी, प्रमुख भूमिका बाहेरच्यांच्याच. ‘आक्रोश’ने (१९८०) अन्याय दाखवला, पण त्यातला लहान्या भिकू जवळजवळ मुकाच. त्याच्यासाठी बोलतो तो वकील.

कोणी म्हणेल, करमणूक आहे, एवढे काय मनावर घ्यायचे? तर मथुरा आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार या आदिवासी मुलीने केली. तिला शरीरसंबंधांची सवय होती, असे म्हणून सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली, अंगावर जखमा नाहीत म्हणून, त्यांना पुन्हा सोडले. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुले पत्र लिहिले, बाया रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयाने ते धरून चालावे, असे ठरले.

न्यायाधीशांनी सिनेमा पाहून निकाल दिला, असे मी म्हणत नाही. पण ‘रानातली मोकळी बाई’ हे चित्र ज्यांच्या डोक्यात पक्के बसले आहे, त्यांना तिचा नकार ऐकू कसा येणार?

वेगळे चित्र काढता येते. ‘न्यूटन’मधली (२०१७) मलको गोंडी बोलते, शाळेत शिकवते, निवडणुकीचे काम करते आणि शहरातून आलेल्या अधिकाऱ्याला त्याचे अज्ञान शांतपणे दाखवून देते. ती भूमिका आपल्या नाशिकच्या अंजली पाटीलने केली. मलको स्वतः गोंड बाईने साकारावी, ही पुढची पायरी अजून बाकी आहे.

म्हणून पिक्चर पाहताना दोन प्रश्न विचारत जा. ही बाई स्वतःच्या भाषेत बोलते का? ती ‘नाही’ म्हणाली, तर कोणी ऐकते का?

हेच प्रश्न आपल्या बागेतही विचारायचे आहेत. मुकादमाने मजुरी कापली, कोणी हात धरला, तर टोळीतली बाई कुणाकडे जाईल? तिने आपल्याकडे यावे असे वाटत असेल, तर तिचे नाव आपल्याला आधी माहीत हवे.