इंच नेमके कशाचे?

(कोपरगाव येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



वस्तीत अभ्यासिका सुरू करायची, त्यात चार-पाच संगणक ठेवायचे, अशी चर्चा तुमच्यात चालू आहे. पैसा वर्गणीतून येणार. कुणी पाच हजार देईल, कुणी हातगाडीच्या गल्ल्यातून पन्नास काढून देईल. त्या पन्नास रुपयांचं नेमकं काय आलं, हे सांगता आलं पाहिजे. माझं काम सॉफ्टवेअरचं, दिवस स्क्रीनसमोर जातो. म्हणून आज फक्त मॉनिटर कसा मोजायचा, एवढंच बोलतो.

दुकानदार म्हणतो, "हा एकोणीस इंची, हा चोवीस इंची." हे इंच कशाचे? रुंदीचे नाहीत आणि उंचीचेही नाहीत. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे कर्णाचे. आपल्याकडे मापं मेट्रिकमध्ये द्यावी लागतात, म्हणून खोक्यावर ६०.९६ सेंटिमीटर असं छापलेलं दिसतं. तोही कर्णच.

आता मला सांगा, जमीन कुणी कर्णावर विकतं का? एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. त्याचा कर्ण साधारण ४६.७ फूट. आता तेवढ्याच कर्णाची एक पट्टी घ्या, ४५ फूट लांब आणि १२.४ फूट रुंद. क्षेत्रफळ भरतं ५५८ चौरस फूट, म्हणजे जेमतेम अर्धा गुंठा. कर्ण तोच, जमीन निम्मी. जमिनीच्या व्यवहारात आपण असं फसणार नाही. मॉनिटर घेताना मात्र सहज फसतो.

स्क्रीनचा आकार ठरतो रुंदी आणि उंचीच्या गुणोत्तरावरून. जुने मॉनिटर ४:३ किंवा ५:४ चे, म्हणजे चौकोनाकडे झुकणारे. आजचे बहुतेक १६:९. काही १६:१०, आणि लांबलचक अल्ट्रावाइड २१:९ च्या आसपास. पायथागोरस शाळेत झालाच आहे. ४:३ मध्ये तर ३-४-५ चा त्रिकोण आयता मिळतो. २० इंची स्क्रीन असेल तर रुंदी १६ आणि उंची १२.

बाकीच्यांसाठी हे आकडे वहीत लिहून घ्या. कर्णाला यांनी गुणायचं. ५:४ साठी रुंदी ०.७८, उंची ०.६२. १६:१० साठी ०.८५ आणि ०.५३. १६:९ साठी ०.८७ आणि ०.४९. २१:९ साठी ०.९२ आणि ०.३९. पट्टी जितकी लांब, तितकी त्याच कर्णात उंची कमी आणि क्षेत्रफळही कमी.

कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेला १९ इंची चौकोनी मॉनिटर जुन्या बाजारात मिळतो. त्याची उंची जवळजवळ १२ इंच. शेजारी नवा, चकचकीत साडेअठरा इंची वाइड ठेवा. आकड्यात फरक अर्ध्या इंचाचा, पण उंची फक्त ९ इंच. क्षेत्रफळ १७६ विरुद्ध १४६ चौरस इंच. त्या जुन्याइतकी उंची वाइडमध्ये हवी असेल तर चोवीस इंचीपर्यंत जावं लागतं. तसंच २९ इंची अल्ट्रावाइडची उंची २३ इंची साध्या वाइडएवढीच असते, आणि ३४ इंचीची २७ इंचीएवढी.

पण आकार ही अर्धीच गोष्ट. दुसरी गोष्ट ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची. तो १९ इंची चौकोनी बहुधा १२८० बाय १०२४ असतो, साडेअठरा इंची वाइड बहुधा १३६६ बाय ७६८. उंचीत ठिपक्यांच्या ओळी १०२४ विरुद्ध ७६८. कुणीतरी सुचवेल, "त्यापेक्षा ३२ इंची टीव्हीच लावू, केवढा मोठा!" एचडी रेडी टीव्हीतही ठिपके १३६६ बाय ७६८ च असतात. अक्षरं फुगतील, मजकूर तेवढाच दिसेल. चोवीस इंची फुल एचडीत १९२० बाय १०८० मिळतात.

अभ्यासिकेत काम काय चालणार? शिष्यवृत्तीचे अर्ज, स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिका, पीडीएफ. ही सगळी ए-फोर पानं, उंची ११.७ इंच. चोवीस इंची वाइडची उंची ११.८. वरखालच्या पट्ट्यांची जागा सोडली तरी पान जवळजवळ खऱ्या मापात, पूर्ण दिसतं, आणि शेजारी दुसरंही मावतं. साडेअठरा इंचीवर अर्ज भरताना सारखं खालीवर करत राहायचं. त्यात आपली लिपी बघा. देवनागरीला वर मात्रा, वेलांटी आणि खाली उकार. उर्दूची नस्तालीक तर उतरत उतरत जाते. दोन्हींना ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. सिनेमाला रुंदी लागते, वाचनाला उंची. आपण वाचनासाठी घेतोय.

हे गणित काही परकं नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त कर्णाचं गणित आहे. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये तो ग्रंथ फारसीत नेला. बीजगणितावर लिहिणाऱ्या अल-ख्वारिझ्मीच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, ज्यावर माझं पोट चालतं. हे ज्ञान हातोहात फिरलंय. ते आपल्या हातात येऊन दुकानाच्या दारात थांबायला नको.

आता करायचं काय? एक, दुकानात मोजपट्टी न्या. कर्ण सोडा, रुंदी आणि उंची मोजा, चौकट धरू नका, फक्त उजळणारा भाग. दोन, गुणोत्तर एकच असेल तरच नुसत्या इंचांची तुलना करा. नाहीतर क्षेत्रफळ आणि उंची काढा, त्याला किमतीने भागा. तीन, ठिपके विचारा. जुना माल घेत असाल तर केबल कोणती लागते, हमी किती, तेही विचारा. चार, खरेदीला फक्त वडीलधारी मंडळी जातात, तसं करू नका. ज्या मुली तिथे बसून अर्ज भरणार, टायपिंग करणार, त्यांना सोबत न्या. त्यांना पान उघडून वाचू द्या, मग ठरवा. पाच, हे सगळे आकडे बिलासोबत अभ्यासिकेच्या भिंतीवर लावा. पन्नास रुपये देणाऱ्यालाही ते वाचता आले पाहिजेत.

आणि ही सवय मॉनिटरपुरती ठेवू नका. क्लासची जाहिरात असो, बचतीची योजना असो की समाजाबद्दल कुणी फेकलेला आकडा असो, विचारा, हा आकडा कशाचा आहे? दोन्ही बाजू एकाच मापाने मोजल्यात का? विचारणाऱ्याला उद्धट म्हणतील, म्हणू द्या. नम्रपणे पुन्हा विचारा.

कागद-पेन काढा. तुम्ही पाहून आलेल्या मॉनिटरचे आकडे सांगा, इथेच हिशोब करू.