मदरबोर्ड घेताना पुढचं पाहा

नवा संगणक जुळवून घेताना दुकानात आधी चौकशी होते प्रोसेसरची. पण चार वर्षांनी तो बदलता येईल का, हे ठरतं मदरबोर्डवरच्या सॉकेटवरून, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेवरून. एएमडीचं एएम-४ सॉकेट २०१६ साली आलं. त्याच्या बऱ्याच जुन्या बोर्डांवर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसरही चालतो. फक्त बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करावं लागतं. हे काम जुना प्रोसेसर काढण्याआधीच उरकावं, नाहीतर बोर्ड नव्याला ओळखच देत नाही! इंटेलचं एलजीए १२०० मात्र दहाव्या आणि अकराव्या पिढीतच आटोपलं. आज घ्यायचं तर एएमडीचं एएम-५ बघा; त्यावर रॅम मात्र डीडीआर-५च लागते.

सगळ्यात स्वस्त बोर्डाचा मोह मला तरी पटत नाही. प्रोसेसरला वीज पुरवणारा त्यावरचा भाग बहुधा बेताचाच असतो. पुढे जास्त वीज खाणारा प्रोसेसर बसवला, की तो भाग तापतो आणि वेग घसरतो. रंगीत दिव्यांवरचे पैसे वाचवून इथे घाला. कोणत्या बोर्डावर कोणते प्रोसेसर चालतात, याची यादी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर असते. ती बिल करण्याआधी बघा.