नक्कल

मराठीत ‘नक्कल’ हा शब्द बिचारा बदनाम आहे. परीक्षेत केली तर शिक्षा, गॅदरिंगमध्ये केली तर हशा. सातबाऱ्याच्या नकलेसाठी मात्र आपण मुकाट्याने रांगेत उभे राहतो! शब्द मूळचा अरबी. ‘नक्ल’ म्हणजे एका जागचे दुसऱ्या जागी नेणे. इजिप्तच्या वाहतूक मंत्रालयाच्या नावात तो आजही आहे.

तो आठवला नीना डेव्हिस या चित्रकर्तीमुळे. लक्झरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावरच्या डोंगरात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या अंमलदारांची थडगी आहेत. आतल्या भिंतींवर कापणी, मेजवान्या, वीणा छेडणाऱ्या बायका. १९०७ मध्ये नॉर्मन डेव्हिस यांच्याशी लग्न करून नीनाबाई तिथे आल्या आणि पुढची तीसेक वर्षे दोघे भिंतींसमोर बसून नकला करत राहिले. त्यातल्या कितीतरी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. छायाचित्रे तेव्हा काळी-पांढरी, जलरंग फार पातळ. म्हणून अंड्यात कालवलेले दाट रंग वापरले.

मेन्ना नावाच्या अंमलदाराचे शिकारीचे चित्र पाहा. नाव, पाणपक्षी, वाकून कमळ खुडणारी त्याची मुलगी. पण मेन्नाचा चेहरा कुणीतरी मुद्दाम खरवडून काढलेला. नीनाबाईंनी तो खरवडाही तसाच रंगवला. बाकीचे सगळे हात पाठ असताना एक चेहरा भरून काढणे त्यांना काय अवघड होते? मी असतो तर नक्की डोळे काढले असते. कवीचा हात शिवशिवतोच. त्यांचा शिवशिवला असेलही, पण कागदावर ते दिसत नाही.

नकला अमर असतात असेही नाही. आपल्या अजिंठ्याच्या, रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन ग्रिफिथ्स यांनी पुन्हा केल्या, त्यांतल्याही अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. लेणी जागेवर होती, म्हणून पुन्हा जाता आले.

नेबामुनच्या थडग्याचे उलटे झाले. १८२० च्या सुमारास तिथली चित्रे भिंतीच्या गिलाव्यासकट कापून काढली गेली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, देखणी आहेत, बघायला गर्दी असते. ते थडगे नेमके कुठे होते, हे मात्र आता कुणालाच ठाऊक नाही. नीनाबाईंनी या तुकड्यांच्याही नकला केल्या. १९३६ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांच्या १०४ रंगीत चित्रांचा ग्रंथ काढला, त्यात नेबामुनही आहे. बाकी थडग्यांत त्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. याची भिंत लंडनला टांगलेली होती.